सहाशे अकरा मैल

सौदा फिसकटला. पण ही गोष्ट सुरू होते तेव्हा ते कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे आपणही काही ऐकलेलं नाही असं धरून चालू.

तर ग्रेडी टॅलमन गुडघे टेकून गाडीखाली डोकावत होता. नेब्रास्कातल्या एका गोठ्याला लागून असलेल्या शेडमध्ये १९५३ची स्टुडबेकर कूपे उभी होती. दोन दारांची, फिकट हिरवी. त्रेचाळीस वर्षांत तिच्यावर एक ओरखडा उठला नव्हता. जुन्या गाड्या शोधून संग्राहकांना विकणं हा ग्रेडीचा धंदा. अशी गाडी दिसली की तो टोपी काढायचा. टोपी आत्ताही हातात होती.

"सहाशे अकरा मैल," तो हळूच म्हणाला. "बाई, ही कुठं गेलेलीच नाही."

व्हर्ना कुदेलाने खसखस भरलेल्या गोड पावांची, कोलाच्यांची, ताटली बॉनेटवर ठेवली. ग्रेडीने ती झोपलेलं मूल उचलावं तशी उचलली आणि जमिनीवर ठेवली.

"गाई होत्या ना," व्हर्ना म्हणाली. "पहाटे पाचला धार, संध्याकाळी पाचला धार. गाडी घेतली आणि त्याच वर्षी सासऱ्यांनी अंथरूण धरलं. गोठा आमच्या गळ्यात पडला. गाईंना रविवार कळत नाही."

"देव त्या गाईंचं भलं करो," ग्रेडी मनापासून म्हणाला.

एप्रिलमध्ये तिचा नवरा एमिल गेला. मागोमाग गाई विकल्या. आता व्हर्ना लिंकनला बहिणीच्या दोन खोल्यांत राहायला जाणार होती. तिथं गाडीला जागा नव्हती.

ग्रेडीने कागद काढला. "इतक्या जुन्या गाडीला हा लागत नाही. पण माझ्या गिऱ्हाइकांना लागतो. मीटरवरचा आकडा खरा आहे, एवढं तुमच्या हातानं लिहून द्या. गाडीची सगळी किंमत त्या एका ओळीत आहे."

व्हर्नाने चष्मा लावला. कागदावर दोन चौकोन होते. आकडा खरा आहे. आकडा खरा नाही. तिने दुसऱ्यात फुली मारली.

ग्रेडीने त्या फुलीवर बोट ठेवलं.

"बाई, चुकून..."

"चुकून नाही."

"आकडा वाढू नये म्हणून मीटरची तार काढली होती कुणी?"

"छे."

"मग चालवली कधी?"

"रविवारी. चर्चमधून आल्यावर, संध्याकाळच्या धारेपर्यंत. शेडचं दार लावून."

तिने गाडीतल्या समोरच्या खणातून नकाशा काढला. घड्यांवर फाटलेला, पेन्सिलीच्या रेघांनी भरलेला. ती मांडीवर नकाशा घेऊन वळणं सांगायची, एमिल स्टिअरिंग फिरवायचा. इंजिन बंद. थर्मासमध्ये कॉफी. मागच्या रविवारी जिथं मुक्काम, तिथून पुढं.

"कोलोराडोच्या घाटात एमिलनं माझं न ऐकता डावीकडे घेतली," ती म्हणाली. "बुधवारपर्यंत बोललो नव्हतो आम्ही."

"म्हणजे तुम्ही इथंच बसून होता."

"तुझं लग्न झालंय?"

"दोनदा."

"मग तुला कळायला हवं होतं."

शेवटची रेघ पश्चिमेकडे जात जात ओरेगॉनमध्ये थांबली होती. पुढं पेरभर कोरा कागद, मग निळा समुद्र.

"इथं का थांबलात?" ग्रेडीने विचारलं.

व्हर्नाने नकाशा मिटला. घडीवर घडी, मूळ होत्या तशा.

"बाई, दुसरा कागद देतो," ग्रेडी समजुतीने म्हणाला. "सोपं आहे. ही गाडी कुठंही गेली नाही, एवढंच कबूल करायचंय तुम्हाला."

"तेवढंच जमणार नाही रे मला."

ग्रेडीने टोपी घातली. जाताना एक कोलाचा मात्र घेतला.

व्हर्ना गाडीत बसली, उजवीकडे, स्टिअरिंगशेजारच्या आपल्या जागेवर. ग्रेडीने मागे सोडलेल्या कागदाच्या तळाशी 'इतर निवेदन' या मथळ्याखाली काही ओळी रिकाम्या होत्या. नकाशाचा आधार घेऊन तिने लिहायला घेतलं.

"मा. वाहन नोंदणी अधिकारी यांस. वरील गाडीच्या मीटरचा आकडा एक लाख बेचाळीस हजार आठशे मैल असा दुरुस्त करून घ्यावा. तसेच माझे पती एमिल कुदेला यांच्या मृत्यूच्या दाखल्यात ठिकाण 'घराजवळील शेड' असे चुकीने नोंदले गेले आहे. ते रद्द करून 'ओरेगॉन, समुद्राच्या नव्वद मैल अलीकडे, गाडी चालवताना' असे लिहिण्याची व्यवस्था व्हावी, ही विनंती."