ऋषीचा सुवर्णमध्य

"मॅडम, या प्रश्नाला दोन बाजू आहेत," ऋषी म्हणाला.

श्यामला मॅडमनी पेन खाली ठेवलं. नारायण पेठेतल्या क्लासच्या दुसऱ्या मजल्यावर सराव-मुलाखत चालली होती. राज्यसेवेची खरी मुलाखत सहा दिवसांवर आलेली. मॅडम निवृत्त उपजिल्हाधिकारी. सराव फुकट घ्यायच्या, त्यामुळे बोलताना कुणाची भीड ठेवायच्या नाहीत. प्रश्न साधाच होता. सगळे दाखले आता मोबाइलवर मिळतात, मग तहसील कचेरीतली अर्जाची खिडकी बंद करावी का?

"एकीकडे ऑनलाइन सेवेमुळे नागरिकांचा वेळ वाचतो," ऋषी घडाघडा बोलू लागला. "दुसरीकडे ग्रामीण भागातल्या ज्येष्ठांना तंत्रज्ञान अवघड जातं. त्यामुळे सुवर्णमध्य साधणं..."

"थांबा. दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. तीस वर्षं त्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसले होते. आपलं स्वतःचं काही मत आहे, की तेही क्लासच्या फीमध्येच येतं?"

स्वतःचं मत देऊ नका, मार्क जातात, हे तो चार वर्षं घोटत आला होता. आता ते इतकं अंगात मुरलं होतं की मांजरी गावातल्या घरी गेल्यावर आईनं "भाकरी टाकू का चपाती?" विचारलं, तरी हा पठ्ठ्या दोन्हींचे फायदे सांगत बसायचा. आई, म्हणजे बायडाबाई, कपाळाला हात लावायची आणि भाकरी टाकायची.

"शुक्रवारी परत या," मॅडम म्हणाल्या. "येताना मत घेऊन या."

खाली चहाच्या टपरीवर तेजस्विनी उभी होती. दोन वर्षं ती अभ्यासिकेत ऋषीच्या शेजारच्या टेबलावर बसायची. मग एक दिवस पुस्तकं आवरली आणि सरळ खराडीच्या एका कंपनीत लागली. सरकारी नोकरी नको, हे तिनं एका दुपारी ठरवलं होतं. दोनदा मांजरीला येऊन जेवूनही गेली होती. बायडाबाईशी तिचं फोनवर ऋषीपेक्षा जास्त बोलणं व्हायचं.

"रविवारी आई-बाबांना घेऊन तुझ्या घरी येऊ का?" तिनं विचारलं. "बोलणी करायला."

ऋषीला मनातून आनंदच झाला.

"यायला हरकत नाही," तो म्हणाला. "पण एकीकडे निकाल लागायचाय. दुसरीकडे..."

"ऋष्या, मी मुलाखतीचं बोर्ड नाहीये. हो की नाही, एवढंच सांग."

"सुवर्णमध्य म्हणून निकालानंतर..."

तेजस्विनीनं अर्धा चहा तसाच ठेवला. "बाबांकडे दुसरं स्थळ आलंय. शुक्रवारपर्यंत सांग. त्यानंतर मी त्यांना थांबवणार नाही." आणि गाडीला किक मारून ती विश्रांतवाडीला निघूनसुद्धा गेली.

त्या दिवसापासून ऋषीचं वाचनात लक्ष लागेना. गुरुवारी दुपारी अभ्यासिकेत त्यानं कोरा कागद घेतला, सवयीनं मधोमध रेघ मारली आणि वर लिहिलं, तेजस्विनी. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. डावी बाजू भरून मागच्या पानावर गेली. उजवीकडे तासभर डोकं खाजवलं, पण एक ओळ उतरेल तर शपथ! शेवटी त्यानं तिथं 'फार लवकर चिडते' असं लिहिलं आणि स्वतःच ते खोडलं.

शुक्रवारी मॅडमनी तोच प्रश्न विचारला.

"बंद नाय करायची!" ऋषी म्हणाला. आवाज खोलीभर घुमला. "आमची आई सहावीतून शाळा सोडलेली बाई. मोबाइलवर फोन आला तर उचलती, तेवढंच तिला जमतं. तिला ॲप दाखवून पासवर्ड टाक म्हणायचं? खिडकीत जिता माणूस असला तर ती त्याला चार शब्द सुनावून का होईना, पण काम करून येती. ती खिडकी ऱ्हायलाच पायजे. हे माझं मत हाय. कापा मार्क."

मॅडम चष्म्यावरून बघत राहिल्या.

"सोमवारी भाषा थोडी सांभाळा," त्या म्हणाल्या. "बाकी उत्तम. आज पहिल्यांदा या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं."

ऋषीला असं हलकं कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. मत दिलं आणि आभाळ काही कोसळलं नाही! तो दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आला आणि रस्त्यातच फोन लावला.

"रविवारी या," तेजस्विनीनं फोन उचलताच तो म्हणाला. "सगळे या. निकाल गेला खड्ड्यात. मला तू पाहिजेस, बास."

"चार वर्षांत पहिलं सरळ वाक्य बोललास रे," तेजस्विनी म्हणाली. आवाज जरा ओला होता. "येतो आम्ही."

"आईला लगेच सांगतो. आणि तुला पत्ता नीट लिहून पाठवतो. त्या नव्या टॉवरांच्या मागून आत वळायचं असतं, लोक चुकतात. आईला विचारशील तर तिला काही फोनवर सांगता यायचं नाही."

तेजस्विनी खो-खो हसत सुटली.

"पत्ता राहू दे. तुझ्या आईनं बुधवारीच बाबांना लोकेशन पाठवलंय. खाली टाइपही केलंय, 'रविवारी यायचंच हाय. आमच्या पोराच्या भरवशावर ऱ्हाऊ नका.'"