पान तीन, रकाना दोन

"उघडून बघितलंस का?" हॅवरकॅम्प बाईंनी विचारलं.

समोर टोबायस बसला होता, शेवटच्या वर्षाचा, गुडघे टेबलाला लागतील एवढा उंच. इतिहासाचा टर्म पेपर आज पाचपर्यंत द्यायचा होता. त्यात नापास झाला तर शनिवारचा पदवीसमारंभ विसरायचा. आणि त्याचे आईवडील तर ओरेगॉनहून गाडी घेऊन निघालेसुद्धा होते.

"काय उघडून, मॅडम?"

"वर्तमानपत्र! तुझ्या कच्च्या मसुद्यातली सातवी तळटीप. 'लार्चफोर्ड कुरिअर, १२ एप्रिल १९२१, पान तीन, रकाना दोन. पुरात पूल कोसळून चौदा बुडाले.' हे पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस?"

"पाहिलं नाही. पण पुस्तकात आहे ना."

"कुठल्या?"

टोबायसने मान खाली घातली. "तुमच्याच."

बाईंचं डोकं सणकलं. सोळा वर्षं ही बाई घसा फोडून एकच सांगत होती, दुसऱ्याची तळटीप उतरवू नका, मूळ बघा. वर्गाच्या दारावर तसा कागदही चिकटवला होता. पोरं त्या कागदासमोरून जायची आणि वाचनालयाची पायरी न चढता पंधरा-पंधरा संदर्भ ठोकून द्यायची. जळलं ते शिकवणं!

"ऊठ. वाचनालयाच्या तळघरात कुरिअरच्या जुन्या अंकांची मायक्रोफिल्म आहे, ती बघायचं यंत्र आहे. पान तीन बघून ये, नाहीतर नापास. शनिवार-बिनिवार मला सांगू नकोस."

तो परत आला तेव्हा तीन वाजून गेले होते. हातात दोन छापील कागद. खुर्ची रिकामी असूनही बसला नाही.

"मॅडम, पान तीनवर साबणाची जाहिरात आहे."

"तारीख चुकली असेल तुझी."

"मलाही तेच वाटलं. म्हणून अख्खा आठवडा बघितला." त्याने दुसरा कागद पुढे केला. "हे पान सहा. चौदा बुडाले हे खरं आहे. पण डुकरं. एकाच शेतकऱ्याची. माणूस एकही नाही."

बाईंनी वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. डुकरं ती डुकरंच राहिली.

"माझा टर्म पेपर त्या चौदा घरांच्या दुःखावर आहे," टोबायसचा आवाज चढला. "अकरा पानं! आता काय डुकरांचं दुःख लिहू? तुम्ही सांगता मूळ बघा, मूळ बघा... तुम्ही बघितलं होतं का?"

बाईंना त्याचा राग आला, डुकरांचा आला, आणि मग ज्याचा यायला हवा होता त्याचा आला.

"नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या सरांच्या प्रबंधात होतं. त्यांनी बघितलं असेल, असं मी धरून चालले."

टेबलावर बाकीच्यांचे टर्म पेपर पडले होते. त्यातल्या पाच जणांनी तेच चौदा बुडवले होते, आणि सकाळीच बाईंनी त्या पाचही ठिकाणी 'बरोबर' अशी खूण केली होती.

"मग मी देऊ काय पाच वाजता?" टोबायस रडकुंडीला आला होता.

"हेच दे. कोणी कोणाचं उतरवलं आणि तू काय पाहिलंस. चार पानं पुरेत. चांगली लिहिलीस तर शनिवारी दिसशील."

"पण त्यात तुमचं नाव..."

"घालायचं. पूर्ण. माझ्या पुस्तकाचं पान एकशे बारा."

टोबायसने घाईघाईने तळहातावर आकडा लिहिला आणि दाराकडे वळला.

"लिहून काय घेतोस, गाढवा!" बाई ओरडल्या. "आधी उघडून बघ!"