कमी गोड

वैजयंतीच्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी सगळ्यात आधी केळं बंद केलं. फोपनार गावी केळीच्या बागेत जन्म काढलेल्या वडिलांना, आप्पांना, हे सांगायचा तिला धीरच झाला नाही. ते दर आठवड्याला बसवाल्याबरोबर बुऱ्हाणपूरला तिच्याकडे केळ्यांचा खोका पाठवायचे आणि ती तो तसाच शेजारच्या लीलाताईंना देऊन टाकायची.

आजही खोका आला. सुतळीसुद्धा न सोडता तिने तो लीलाताईंकडे दिला आणि बाजारात गेली. हातगाडीवर थोडे कच्चट पेरू निवडत होती, तेवढ्यात आप्पांचा फोन आला.

"खोका भेटला का बेटा?"

"हो आप्पा, सकाळीच भेटला."

"मग, खाल्लं का काही त्यातलं?"

"खाल्लं ना! दोन केळी खाल्ली आत्ताच. एकदम गोड होती."

बोलताना तिची मान आपोआप खाली गेली. पलीकडून आप्पा हळूच म्हणाले,

"जावईबापूंनी सांगितलं मला तुझ्या शुगरचं. या वेळी केळी नव्हती बेटा, पेरू होते. बांधावरच्या झाडाझाडाचा एकेक चाखून पाहिला, आणि सगळ्यात कमी गोड झाडाचे तोडून पाठवले."