खडीसाखर

दयाचा आवाज बाप्यासारखा जाड, म्हणून चर्चच्या गायनमंडळात तिनं नुसते ओठ हलवायचे. पेटी वाजवणारे सासरे दर रविवारी तिला खडीसाखर देत: “तोंडात धर, म्हणजे सूर निसटायचा नाही.” घरची सून मंडळात उभी तर दिसायला हवी! बहात्तरच्या दुष्काळी कामावर दगड फोडताना मात्र ती मोकळ्या गळ्यानं गायची, तिच्या गाण्यावर बायांचे हातोडे पडायचे. नाताळला त्याच बाया कौतुकानं चर्चमध्ये येऊन मागं बसल्या. गाणं सुरू झालं, तशी त्यांच्यातली गोजरबाई उठलीच. “दये, नुसते व्हट काय हालवतीस? गा की!” सासऱ्यांनी डोळे वटारले. दयानं खडीसाखर तळहातावर काढली. सूर निघाला तो जाडच, पण तिचाच. पेटी थांबली. मागं बायांनी टाळ्यांवर हातोड्यांचा ठेका धरला. उष्टी खडीसाखर तिनं पेटीवर ठेवली आणि पुढचं कडवं एकटीनंच उचललं.