नाल्यापलीकडची हाक

हेमराजने दोन्ही तळवे तोंडापुढे धरले आणि चितळाच्या नरासारखी हाक दिली. घोगरी, लांब, पोटातून आलेली. मग श्वास रोखून बसला. पाणवठ्यावर अजून पुरतं उजाडलं नव्हतं. मोहाच्या बुंध्याला पाठ, मांडीवर ठासणीची बंदूक, नजर समोरच्या पायवाटेवर. चैत्रात नर माजावर आला की त्याला दुसऱ्या नराची हाक सोसत नाही. शिंगं रोखून तो भांडायला येतो आणि येतो तो थेट बंदुकीसमोर.

उत्तर आलं, पण भलत्याच बाजूने. पाणवठ्याकडून नाही. मागून, नाल्याच्या पलीकडून.

हेमराजने तोंडातल्या तोंडात शिवी हासडली. जागा सोडून जंगलात हिंडणं धोक्याचं होतं. मागच्या वर्षी भेकराच्या कातड्यासकट वनखात्याला सापडला होता, त्या खटल्याच्या तारखा अजून वर्ध्याच्या कोर्टात चालू होत्या. पुन्हा सापडला तर तुरुंग ठरलेला. शहाण्या माणसाने बंदूक माळ्यावर टाकून शेतातल्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटल्या असत्या. पण हा परवाच आंजी गावात ताराचंद किराणावाल्याच्या ओट्यावर चारचौघांत बोलून बसला होता, मोठ्या शिंगांचा तो नर रविवारच्या आत आडवा करतो म्हणून. बोलायला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. बायको, जयवंता, तेव्हापासून त्याच्याशी बोलत नव्हती. आज त्याने बंदूक काढली तेव्हा ती जागी होती, पण भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

पुन्हा हाक आली. आधीपेक्षा चढी. हेमराजने उत्तर दिलं. पलीकडून लगेच उत्तर. पण नर जवळ येत नव्हता, दर वेळी थोडा मागेच सरकत होता. माजावरचा नर असं करत नाही. हे हेमराजला कळत होतं, पण वळत नव्हतं. माज काही एकट्या चितळाला येत नाही. तो उठला आणि वाकून, पाचोळा चुकवत नाल्यात उतरला.

नाल्यातली कोरडी वाळू गार होती. पाणवठ्याच्या बाजूला टिटवी ओरडली आणि तो जागीच थिजला. माणसाची चाहूल लागली की टिटवी अशीच कलकलाट करते. कान देऊन ऐकलं. काहीच नाही. भीती वाटली, चांगलीच वाटली. मागे फिरावं, घरी जाऊन मुकाट चहा प्यावा, असंही मनात आलं. तेवढ्यात समोरून हाक आली, इतक्या जवळून की भीती कुठल्या कुठे पळाली.

काठावर घाणेरीची दाट जाळी होती. तिची फांदी हलली. आत काहीतरी तपकिरी सरकलं. हेमराजने बंदूक खांद्याला लावली, घोडा ओढला. शिंगं दिसत नव्हती. ती दिसायची वाट पाहावी तर नर बिथरून निघून जाणार, आणि मग ताराचंदच्या ओट्यावर तोंड दाखवायची सोय राहणार नाही. त्याने बोट चापावर ठेवलं.

जाळीतून हाक उठली. शेवटाला येऊन मध्येच तुटली आणि उचकी लागल्यासारखी पुन्हा वर गेली.

हेमराजच्या अंगावर सरसरून काटा आला. असा शेवट कोणत्याच नराचा नव्हता. तो एकाच माणसाचा होता, अण्णाजीचा, त्याच्या सासऱ्याचा. साऱ्या पंचक्रोशीत हाक द्यावी ती अण्णाजीने. हेमराज बंदूक घेऊन पुढे बसायचा आणि म्हातारा मागे झाडाआडून नर खेचून आणायचा. मागे वळून पाहायचं नाही, हा म्हाताऱ्याचा दंडक. ती हाक ऐकून ऐकूनच हेमराज शिकला, फक्त शेवटची उचकी त्याला कधी जमली नाही. आणि अण्णाजीला जाऊन तर वर्षं लोटली होती.

बंदुकीची नळी आपोआप खाली आली.

"कोन हाय?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

जाळी बाजूला सारून जयवंता उभी राहिली. तपकिरी लुगडं काट्यांनी फाटलेलं, ओठ सुकलेले, धापा टाकत.

"हळू बोला. जंगलवाले पानवठ्यावर येऊन राह्यले. तुमी निंघाले अन् ते दारात. पुलगावले गेले म्हनून सांगतलं मी, पन कोनी आयकलं नाई. मी शेतातून धावत आली. नावानं हाका मारल्या असत्या तं त्यायलेच पह्यले सापडले असते तुमी."

तिचं बोलणं संपतं न संपतं तोच पाणवठ्याकडून शिट्टी वाजली. मग माणसांचे आवाज. बॅटरीचा झोत मोहाच्या बुंध्यावर फिरला, मघाशी हेमराज बसला होता नेमका तिथे.

हेमराज वाळूतच खाली बसला.

"मारली असती मी तुले," तो म्हणाला. "बाबाची हाक ओळखली म्हनून वाचली. हुबेहूब बाबासारखी काढली तू. कवा शिकली?"

"बाबासारखी?" जयवंताने पदराने तोंड पुसलं. "दात पडल्यावर बाबाच्या तोंडातून नुसती हवा निंघे. मोहफुलं वेचाले म्हनून मले संगं नेत जाय तो. झाडामागून हाक मीच देत होती."

तिने वाकून हेमराजच्या हातातली बंदूक काढून घेतली, घोडा अलगद खाली बसवला आणि त्याला दंडाला धरून उठवलं.

"आजवर माह्या हाकेवर जे जे आले, ते सारे मेले," ती म्हणाली. "तुमी तेवढे घरी चाला."