कार्नेशनवरचं छप्पर

वळवाचा वारा पॉलिहाऊसमध्ये शिरला आणि छताचं प्लास्टिक फुग्यासारखं ताणलं गेलं. हणमंतने कोपऱ्यातल्या लोखंडी पाइपला मिठी मारली. त्याच्या मागे कार्नेशनच्या फुलांचे वाफे होते. त्यांचे कमरेएवढे, सरळ, जाड दांडे त्याने जाळीच्या चौकटींतून एकेक करून वर चढवले होते. दांड्यांना जोर मिळावा म्हणून बाजूच्या कळ्या रोज खुडल्या होत्या. उद्या पहिली तोडणी होती.

"अवो, सोडा तो पाइप!" दारातून त्याची बायको उज्ज्वला ओरडली.

"सोडला तर सगळंच जाईल!"

पाइपाखालचं काँक्रीट मातीतून उखडलं. हणमंतचे पाय जमिनीवरून सुटले, टेकले, पुन्हा सुटले. आत कोंडलेल्या वाऱ्याला वाट करून द्यायला उज्ज्वलाने विळा उचलला आणि भिंतीच्या प्लास्टिकला लावला.

"कापू नगंस! गारा आल्यात, एक दांडा उभा राहायचा नाही!"

तिने ऐकलं, आणि विळा खालपर्यंत ओढला. फाटलेलं प्लास्टिक वाऱ्याने पार छतासकट सोलून नेलं. पाइप धाडकन खाली बसला, त्याच्यासोबत हणमंतही. उघड्या छतातून गारा वाफ्यांवर कोसळल्या आणि दांडे कडाकडा मोडू लागले.

तो उठून तिच्याकडे आला. तिने मान खाली घातली, पण विळा सोडला नाही.

"दे इकडं," तो म्हणाला. दुसऱ्या टोकाचं छत अजून फुगतच होतं. "पलीकडचं मी कापतो. तू बाहेर हो आधी."