नळावरचं भांडण

"अगं शेवंता, मोठ्याने शिव्या दे. कॅमेऱ्याला ऐकू गेलं पाहिजे," गुणाबाई धोत्रे पुटपुटली.

नळाच्या पिवळ्या पाण्याविरुद्ध खाणवाडीने एकत्र अर्ज केला होता. कॅमेऱ्यांतून लोकांवर नजर ठेवून वॉर्डांच्या हद्दी आखणाऱ्या यंत्राने लगेच त्यांची चाळीस घरं चाळीस वॉर्डांत वाटून टाकली. एकीने राहणाऱ्यांना ते वेगळं करायचं आणि एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्यांना एका वॉर्डात ठेवायचं. म्हणून गुणाबाईने ही युक्ती काढली होती. नळावर खोटं खोटं भांडायचं, एका वॉर्डात यायचं आणि चांगल्या पाण्यासाठी गुणाबाईला निवडून द्यायचं.

पहिला आठवडाभर बायका घरी जाऊन पोट धरून हसल्या. पण यंत्राला ते खरं वाटेना. मग एके सकाळी गुणाबाईने शेवंताच्या काविळीने गेलेल्या लेकीचं नाव काढलं. "तूच मारलीस तिला!"

शेवंता रिकामी घागर उचलून निघून गेली. बाकीच्या बायकांनी मात्र गुणाबाईची सगळी उणीदुणी काढली, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

त्याच महिन्यात चाळीसही घरं एका वॉर्डात आली.

निवडणुकीच्या निकालाच्या दुपारी गुणाबाई नळावर गेली. तिला एकच मत पडलं होतं, तेही तिचंच. शेवंताने तिची घागर बाजूला सरकवली आणि आपली पिवळ्या धारेखाली धरली.